माघारी वळायचं शिक्षण

देवबागच्या होडीवाल्याची पोरगी विमान चालवायला शिकते, हे ऐकल्यावर तुमच्या मनात पहिला प्रश्न कुठला आला, खरं सांगा? फीचा ना? एवढे पैसे कुठून आले, हाच ना? वाटलंच. डॉक्टरच्या मुलाबद्दल तुम्ही हे विचारलं नसतं. शिष्यवृत्ती मिळाली, मुंबईतल्या मामाने हात दिला, उरलेलं बँकेने दिलं. विषय संपला. ही गोष्ट ढगाची आहे, आणि ढग फुकट असतो.

पोरीचं नाव सलोनी बाळा चोपडेकर. देवबाग म्हणजे वाळूची एक लांब पट्टी, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी. चोपडेकरांच्या पुढच्या दारात लाटा ऐकू येतात आणि मागच्या दारात होडी बांधलेली असते. बाप बाळा जाळी टाकतो, आणि थंडीत पर्यटक आले की त्यांना डॉल्फिन दाखवायला नेतो. आई सुभद्रा घरालगतच्या दोन खोल्या पाहुण्यांना देते. कुणी "एसी नाही का हो?" म्हणालं, तर ती खिडकी उघडून देते आणि निघून जाते. सलोनी लहानपणी होडीच्या टोकावर बसून वर बघत राहायची. बाळा ओरडायचा, "गो, पाण्यात बघ! मासे वरसून नाय येत." ती तरी वरच बघायची.

आता या वाडीची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. रीत सगळ्या किनाऱ्याची नाही, या एका वाडीची. नारळीपौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की मोसमातली पहिली फेरी निघते. त्या दिवशी बायका पाट्या घेऊन वाळूवर बसतात. होडी मासे घेऊन आली की पाट्या भरतात, थट्टामस्करी होते, चहा फिरतो. होडी रिकामी आली तर एकेक बाई आपली पाटी वाळूवर पालथी घालते, आणि होडीवाल्याला त्या पालथ्या पाट्यांच्या मधून चालत घरी जावं लागतं. कुणी शिवी देत नाही. गरजच पडत नाही.

म्हणून पहिल्या फेरीला कुणी रिकामा येत नाही. आणि आलाच, तर त्याचं इंजिन बिघडलेलं असतं. ढग बघून परत आलो असं या वाडीत आजवर कुणी म्हटलेलं नाही. सगळ्यांची इंजिनंच बिघडली. मालवणातल्या मेकॅनिकला विचारा, तो नुसता हसेल.

बाळाचा बाप महादू तर वाडीचा अभिमान. तुफान दिसत असताना तो वळला नाही, आत गेला आणि होडीभर सुरमई घेऊन आला, ही गोष्ट प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक बाराव्याला सांगितली जाते. सलोनी ती ऐकतच मोठी झाली. महादू आजा वळला नाही. आपण वळणारी माणसं नाही. घरात हे कुणी शिकवलं नाही, पण पेजेबरोबर पोटात जात राहिलं.

तर ही पोरगी घाटावरच्या एका विमानशाळेत दाखल झाली. कोरडा मुलुख, लांब धावपट्टी, दोन सीटांची लहान विमानं. तिथे हवामानशास्त्र शिकवायला होते विनीत सर. बारीक, मिशी पांढरी, आवाज खालचा. पुढे विमानात शेजारी बसून धडे देणारेही तेच. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "विमान कसं उडतं ते तुम्हाला इंजिनवाले शिकवतील. मी शिकवणार, ते कधी उडवायचं नाही."

पुस्तक इंग्रजी आणि जाडजूड. बरोबरची पोरं पाठ करत बसली. सलोनीने त्यातलं एकेक पान देवबागला नेलं. दिवसा जमीन पाण्याआधी तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, तिच्या जागी समुद्रावरची गार हवा आत शिरते. हा खारा वारा. रात्री जमीन आधी गार होते आणि सगळं उलटं फिरतं. हा मतलई वारा, थंडीच्या दिवसांत पहाटे बाळाच्या होडीला पाठीवर घेऊन समुद्रात सोडणारा. पुस्तकात यासाठी बाण काढलेली आकृती होती. सलोनीला आकृतीत आपलं घर दिसलं.

दवबिंदूचं तसंच. हवा गार होत होत अशा एका तापमानाला येते की तिला आपल्यातली वाफ सांभाळता येत नाही. गार पाण्याचा तांब्या बाहेरून घामेजतो तो त्यामुळेच. हवेचं तापमान आणि हा दवबिंदू यांच्यात अंतर भरपूर असेल तर ढगाचा तळ उंचावर. अंतर कमी होत गेलं की तळ खाली येत जातो. आणि दोन्ही एकमेकांना टेकले की ढग जमिनीवरच उतरतो, त्यालाच आपण धुकं म्हणतो. सलोनी सकाळी हवामानाचा अहवाल आला की आधी हे दोन आकडे बघायची.

एक गोष्ट मात्र देवबागला नेता आली नाही. विमानातलं उंची दाखवणारं यंत्र उंची मोजतच नाही, ते हवेचा दाब मोजतं आणि त्यावरून उंचीचा अंदाज सांगतं. निघालात तिथे दाब जास्त आणि पोचणार तिथे कमी असेल, आणि वाटेत काटा नव्या दाबावर लावून घेतला नाही, तर यंत्र तुम्हाला खऱ्यापेक्षा उंच दाखवतं. तुम्ही खुशीत, आणि डोंगर जवळ. विनीत सर म्हणाले, "आपण समजतो त्यापेक्षा आपण खाली आहोत, हे डोक्यात ठेवून उडा." हे वाक्य पुष्कळ मोठ्या माणसांच्या दारावर लावण्यासारखं आहे, पण ते जाऊ दे.

हवामानाच्या पेपरात ती पहिल्या फटक्यात पास झाली, तीही चांगल्या गुणांनी. म्हणजे पुढे जे झालं ते अडाणीपणातून झालेलं नाही, हे ध्यानात ठेवा.

पावसाच्या तोंडावरची एक दुपार. सलोनीची एकटीने लांबच्या गावाला जाऊन यायची फेरी होती. वाटेत एक तळं लागायचं. सरांनी नकाशावर त्या तळ्याभोवती पेन्सिलीने गोल केला होता. "इथे ठरवायचं. पुढे स्वच्छ दिसलं तर जायचं. नाही दिसलं तर वळायचं."

तळ्यापाशी तिला ढग दिसला. खालून काळसर सपाट, वर फुलकोबीसारखा पांढराशुभ्र, कडा ठसठशीत. कडा अशा ठसठशीत असतात तोवर ढग वाढत असतो, हे तिला माहीत होतं. अशा ढगात आधी सगळा जोर वरच्या दिशेने असतो. मग पाऊस सुटला की त्याच्याबरोबर गार हवा खाली कोसळायला लागते, आणि एकाच ढगात एक प्रवाह वर तर दुसरा खाली अशी ओढाताण सुरू होते. लहान विमानाने तेव्हा तिथे असू नये. हेही माहीत होतं. डाव्या हाताला उजेडाची एक फट होती. ती त्या फटीच्या रोखाने गेली.

आधी विमान आपोआप वर चढायला लागलं. मग पावसाची चादर काचेवर आपटली, आणि खालून कुणीतरी पाट काढून घ्यावा तसं विमान खाली बसलं. पट्टा खांद्यात रुतला. तिने नाक सरळ धरलं, पंख सरळ धरले, आणि ती पलीकडे निघाली. पलीकडे ऊन होतं. उतरली नीट, ढग विरल्यावर परत आली नीट, आणि खरं सांगायचं तर छाती थोडी पुढे काढूनच सरांसमोर उभी राहिली.

"ढग दिसला नाही का?" सरांनी विचारलं.

"दिसला, सर. वाढता होता. पावसाला आला होता."

"तळ्यापाशीच दिसला?"

"हो, सर."

"मग?"

"निघाले होते ना, सर."

विनीत सर रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "ढग न ओळखणाऱ्याला मी शिकवू शकतो. ओळखून आत जाणाऱ्याला काय शिकवू? तू आजपासून एकटी उडायची नाहीस. पावसात इथलं उडणं तसंही थांबतं. घरी जा. का वळली नाहीस, याचं खरं उत्तर सापडलं की फोन कर. नाही सापडलं तर करू नकोस."

नाही सापडलं तर करू नकोस. म्हणजे विमान संपलं. एकटीने उडाल्याशिवाय परवाना नाही.

घरी तिने सांगितलं, पावसाची सुट्टी आहे. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. वाडीने तिला लगेच चेष्टेवर घेतलं. बाळाची थोरली बहीण गंगूआते मालवणच्या बाजारात मासे विकते, तिची जीभ कोयत्याहून धारदार. ती रोज कुंपणावरून विचारायची, "काय गो सलोनी, विमान खंय ठेवलंस? दारात तर खंय दिसणा नाय."

"पावसात भिजता म्हणान शाळेतच ठेवलंय, आते."

"बरा केलंस. आमच्या बाळाच्या शाकारलेल्या होडीर घातला असतास तरी चलला असता."

हसू व्हायचं. सलोनीही हसायची आणि मागच्या दाराला जाऊन खाडीकडे बघत बसायची. उत्तर शोधायची. सरांनी बरोबर केलं की चूक? पुस्तक पुन्हा वाचून काढलं, ढगाचं प्रकरण तर दोनदा. त्यात ढगाचं सगळं होतं, तिचं काही नव्हतं.

नारळीपौर्णिमा झाली. समुद्राला नारळ गेला. पाऊस थोडा उघडला होता, समुद्र निवला होता. पहिल्या फेरीच्या सकाळी बाळा आणि त्याचा चुलतभाऊ सुदेश होडीवर जाळी चढवत होते. सलोनी म्हणाली, "बाबा, मी येव?"

बाळाने वर बघितलं. "चल."

वाळूवर पाटी घेऊन बसलेली गंगूआते कडाडली, "चेडवाक घेऊन पयली फेरी? बाळा, तुझा डोका ठिकाणार आसा मा?"

"होडी माझी, चेडू माझा. तू तुझी पाटी सांभाळ."

"पाटी सांभाळतंयच. भरूक काय हाडतंस ता बघ. माका बांगडे नको, सांगान ठेवतंय!"

खाडीचं तोंड ओलांडताना होडी दोनदा उसळली आणि मग मोकळ्या पाण्याला लागली. पुढे वाडीतल्या दोन होड्या, मागे हे. सुदेश गाणं गुणगुणत जाळी मोकळी करत होता. सलोनीच्या मनात होतं, समुद्रावर बापाला सगळं सांगावं. इथे ऐकायला कुंपण नाही. ती शब्द जुळवत होती, आणि शब्द जुळवता जुळवता तिची नजर पश्चिमेला गेली.

क्षितिजावर काळी पट्टी होती. तिच्याखाली पांढुरकं, म्हणजे पाऊस. वारा पडला होता, इतका की इंजिनाचा आवाज मोठा वाटायला लागला. आणि मग गालाला एक गार झुळूक लागली. एवढीशीच. पुस्तकातलं ते पान तिला डोळ्यांपुढे दिसलं. पावसाबरोबर गार हवा खाली येते, पाण्यावर आदळते आणि चहूकडे पसरते. ढग अजून लांब असतो, पण त्याचा श्वास आधी पोचतो. त्यामागून वारा दिशा बदलतो आणि जोर धरतो. ढग आपल्याकडेच येईल की बाजूने जाईल, हे त्या झुळकीवरून सांगता येत नाही. एवढंच कळतं की तो जागा आहे.

तिने बापाकडे बघितलं. बाळाही तिकडेच बघत होता. त्याने कुठलं पुस्तक वाचलेलं नव्हतं आणि तिला समुद्रावर कुठलं वादळ लागलेलं नव्हतं, पण गालाला लागलं ते दोघांनाही एकच.

"काय म्हणता तुझा पुस्तक?" बाळाने विचारलं. आवाजात थट्टा नव्हती.

"वाढतो ढग आसा. खाली पाऊस सुरू झालो. ही झुळूक तेचीच. वारो फिरतलो, मगे जोर धरतलो."

"बरा. मगे?"

"मगे काय?"

"ढगाचा नाव-गाव सांगलंस. आपण करूचा काय ता सांग."

उत्तर तिला ठाऊक होतं. दोन शब्दांचं होतं. तिने मागे किनाऱ्याकडे बघितलं. माडांच्या खाली बायकांची रांग, लाल, पिवळी, हिरवी. इथून तोंडं दिसत नव्हती, पण गंगूआते कुठली ते ओळखू येत होतं. सुदेशकाका म्हणाला, "करूचा काय म्हणजे? जाळी टाकूची! पुढचे कोण थांबले काय?"

पुढच्या होड्या खरंच थांबल्या नव्हत्या.

"निघालो आसो मा, बाबा," सलोनी म्हणाली.

बोलून गेली आणि मग तिला ते ऐकू आलं. तेच शब्द. सरांपुढे बोलली होती तेच, फक्त मालवणीत. ढग दिसतो आहे, ढगाची सगळी कुंडली माहीत आहे, आणि तोंडातून काय येतं, तर निघालो आहोत ना. भीती ढगाची नव्हती, आताही नाही आणि तेव्हाही नव्हती. वर आकाशात, जिथे आजूबाजूला मैलभर माणूस नाही, तिथेही ती किनाऱ्यावरच्या त्या रांगेकडे बघत होती.

बाळाने सुकाणूवरचा हात हलवला नाही. मग म्हणाला, "निघालो म्हणान काय झाला? परत जावचा तरी निघूचाच लागता."

आणि त्याने होडी वळवली.

सुदेश उठूनच उभा राहिला. "अरे बाळा! पयली फेरी आज! महादूकाकाचो झील तू!"

"खाली बस, पडशीत."

सुदेश बसला. मग त्याचं डोकं चालायला लागलं. "बरा, मगे ऐक. इंजिन बिघडला म्हणान सांगूया. मी सांगतंय. प्लग गेलो. माझ्यार सोड."

"इंजिन बरा आसा," बाळा म्हणाला. "तेच्यार आळ कित्याक?"

होडी वाळूला लागली. बायकांनी आत वाकून बघितलं. जाळी कोरडी. पहिली पाटी पालथी घातली ती गंगूआतेने, सख्ख्या बहिणीने. पण घालता घालता तिने भावाला वाटही काढून दिली, "काय रे, इंजिन?"

एक हो म्हटलं असतं तर सुटला असता. सगळे तसेच सुटतात.

"इंजिन बरा आसा," बाळा म्हणाला. "ढग बघलंय, परत इलंय."

टोमणे सगळे इंजिनाचे तयार होते, या उत्तराचा टोमणा वाडीत कुणी कधी घडवलाच नव्हता. पण गंगूआते ती गंगूआतेच. "ढग?" ती म्हणाली. "श्रावणात ढग बघलंस? आणि काय काय बघलंस रे, पाणी पण बघलंस?"

मग मात्र हसण्याचा लोट आला. पाट्या पटापट पालथ्या पडल्या. बाळा त्या रांगेतून चालत गेला. घाई नाही, मान खाली नाही. रांगेतल्या शर्मिलाच्या पाटीला त्याचा पाय लागला तर थांबून त्याने ती सरळ केली आणि पुन्हा पालथी घालून ठेवली. सलोनी मागून येत होती. तिचे कान तापले होते.

आता तुम्हाला वाटत असेल, मग तुफान आलं, पुढच्या होड्या सापडल्या आणि बाळा खरा ठरला. तसं काही झालं नाही. तो ढग उत्तरेला सरकला, तोंडवलीच्या पलीकडे कुठेतरी पाऊस टाकून विरला. देवबागला एक थेंब पडला नाही. जेवणवेळेला लख्ख ऊन पडलं, आणि पुढच्या दोन्ही होड्या बांगड्यांनी भरून आल्या. पाट्या सरळ झाल्या, भरल्या. हसणं आणखी वाढलं.

चोपडेकरांच्या घरात त्या दिवशी सुकट होती. सुभद्राने ताट वाढताना नवऱ्याला विचारलं, "ढगाक पण पान मांडू काय? तुमचो पावणो मा तो?"

"मांड. इलो तर जेवात."

सलोनी म्हणाली, "बाबा, तो ढग इलोच नाय."

"बरा झाला मा."

"बरा काय? सगळे हसतत. उगाच परतलो आपण."

बाळाने हातातला घास ताटात ठेवला. "म्हणजे मी खरो ठरूक होयो, म्हणान त्या ढगान सगळ्यांच्या डोक्यार पडाक होया होता? सुदेशाचो पुतणो होतो पुढच्या होडयेत." आणि घास उचलून तो पुन्हा जेवायला लागला. "उद्या जातलंव. बांगडे खंय पळतत?"

सुभद्राने कढी वाढली.

मग सलोनीने सांगितलं. तळं, ढग, उजेडाची फट, सर काय म्हणाले, आणि सुट्टी म्हणजे सुट्टी नव्हती. सुभद्राच्या हातातला डाव तसाच राहिला. पोरगी ढगात शिरली होती हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. ती काही बोलणार होती, बाळाने हाताने थांबवलं.

"मगे?" त्याने लेकीला विचारलं. "उत्तर गावला?"

"गावला."

"तर हयसर कित्या बसलंस? फोन कर."

तिने मागच्या दारात जाऊन फोन लावला. विनीत सरांना ती म्हणाली, "सर, ढग मला ओळखता येत होता. पण परत आल्यावर लोक काय म्हणतील, ते मला ढगाच्या आधीपासून ओळखीचं होतं. मी त्याला भ्याले. ढगाला भ्यायला हवं होतं."

मग सर म्हणाले, "पाऊस ओसरला की ये. आणि सलोनी, हे जमिनीवरचं उत्तर झालं. खरं उत्तर वर द्यावं लागेल."

पाऊस ओसरला, ती गेली. सरांनी तिला आधी शेजारी बसून उडवलं, पुन्हा पुन्हा उडवलं, आणि मग एके दिवशी स्वतः खाली उतरून दार लावून घेतलं. ऑक्टोबरचे दिवस. ऊन तापतं, जमिनीत पावसाचं पाणी अजून असतं, वाफेला तोटा नसतो, आणि दुपार झाली की ढगांचे मनोरे उभे राहतात. तीच फेरी, तेच तळं.

तळ्यापाशी तिला ढग दिसला. मागच्याएवढा मोठा नव्हता. तळ वर होता, पाऊस सुटलेला दिसत नव्हता. आणि उजवीकडे भरपूर मोकळी जागा वाटत होती. मागचा असता तर सोपं होतं, तो भीती घालणारा होता. हा समजुतीने बोलणारा होता. ये की, काय होतंय, असं म्हणणारा. तिने कडा बघितल्या. ठसठशीत. आणखी एक त्याच्या शेजारी डोकं काढत होता. त्या दोघांच्या मधली मोकळी जागा किती वेळ मोकळी राहील, हे तिला माहीत नव्हतं. आणि माहीत नाही, हे तिने स्वतःशी मोठ्याने म्हटलं. कॉकपिटमध्ये एकटीच असल्यामुळे कुणी हसलं नाही.

तिच्या मनात खाली धावपट्टीजवळची चहाची टपरी आली, तिथे बसलेली पोरं आली, त्यांची तोंडंसुद्धा स्पष्ट दिसली. ती तोंडं तिथेच राहू दिली तिने. रेडिओवर सांगितलं, पुढे ढग वाढतायत, परत वळते आहे. मग डावीकडे बघितलं, मोकळं होतं, आणि विमान वळवलं. रुंद, संथ वळण. क्षितिज काचेवरून आडवं सरकत गेलं आणि ढग पाठीमागे गेला.

त्या ढगाचं पुढे काय झालं, हे तिने आजवर कुणाला विचारलेलं नाही.

उतरून विमान बांधून ती आली, तेव्हा टपरीवर मितेश बसला होता, तिच्याच तुकडीतला, चांगला पोरगा पण तोंडाचा फटकळ. "काय चोपडेकर, एवढ्यात? पर्स विसरलीस काय?"

"नाही. पुढे ढग होता. वळले."

"केवढा?"

"पुरेसा."

मितेशने बाकावर सरकून जागा केली आणि चहावाल्याला दोन बोटं दाखवली. विनीत सर लांबून बघत होते. ते आले, नकाशा मागून घेतला, तळ्याभोवतीचा पेन्सिलीचा गोल बघितला आणि तसाच परत दिला. "उद्या सकाळी लवकर जा," ते म्हणाले. "सकाळी ढग झोपलेले असतात. तुझी फेरी राहिली आहे अजून." म्हणजे एकटीची फेरी. म्हणजे विमान संपलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती गेली आणि जाऊन आली. त्यात सांगण्यासारखं काही नाही, आकाश निळं होतं.

सलोनीचे अजून पुष्कळ तास बाकी आहेत, परीक्षा बाकी आहेत. पण कधीतरी ती मोठ्या विमानात पुढे बसेल आणि मागे तुम्ही बसलेले असाल. उतरता उतरता विमान एकदम पुन्हा वर जाईल, किंवा दुसऱ्याच गावाला जाऊन थांबेल, आणि तुमचं लग्न, मीटिंग, काय असेल ते चुकेल. तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला राग लवकर येतो. मोबाइल काढाल, व्हिडिओ कराल, हवाई सुंदरीवर ओरडाल, "बाहेर तर ऊन आहे, मग परत का फिरलात?" तेव्हा कृपा करून तोंड मिटून बसा. आणि उतरताना पुढच्या दाराशी ती पोरगी उभी दिसली, तर तिच्याकडे बघून एवढंच म्हणा, "बरं केलंत, वळलात."